एक ओळ आधी

इनेस घोन्साल्विस यांनी स्वरपट प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवला आणि आधीच बजावलं, की नवा नकोय, यातलं जे आहे ते वाचवा. पडद्याचा एक कोपरा काळा पडला होता.

स्वरपट म्हणजे नोटेशन वाचायचा ई-रीडर. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पान स्वरपटच उलटतो. त्यातला नेत्रवेधक वाजवणाऱ्याच्या डोळ्यांवर नजर ठेवून त्याच्या सवयी शिकत जातो.

इनेसबाईंचा नवरा बास्त्यांव वसईच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. भलताच उतावळा माणूस. जेवण संपायच्या आत हात धुवायला उठणारा. पानाची शेवटची ओळ पाठच करून टाकायचा, त्यामुळे त्याचा स्वरपट एक ओळ आधीच पान उलटायचा. तो गेला आणि ऑर्गनवर इनेसबाई बसू लागल्या. पहिल्याच रविवारी शेवटची ओळ वाचायच्या आत पान उलटलं. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तेव्हापासून दर रविवारी पान त्याच्याच वेळेला उलटत होतं. आता यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं, आणि बास्त्यांव दुसऱ्यांदा जाऊ नये एवढंच त्यांचं मागणं होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. शाल्मली दाबके यांनी यंत्राची स्मृती दोनदा तपासली. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी समजावलं, की स्वरपट फक्त अलीकडची वादनं लक्षात ठेवतो. नवं आलं की जुनं पुसलं जातं. बास्त्यांव त्यातून, तो गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळाआधीच पुसला गेला होता.

"मग इतकी वर्षं पान कोण उलटतंय?"

"तुम्हीच, मावशी. ओळ निसटू नये म्हणून तुम्ही ती पाठ करू लागलात. डोळे आधीच पुढे धावायला लागले. यंत्र तेच शिकलं."

इनेसबाईंना आधी रडू आलं, मग हसूही. लबाड बास्त्यांव यंत्रात नव्हताच तर, त्यांच्यातच येऊन बसला होता. आता कुठलंही यंत्र चाललं असतं. पण हसता हसता त्या थांबल्या. लग्नाआधी आपण कसं वाजवायचो, हे त्यांना आठवेना.

"माझं वाजवणं कुठं असेल गं?"

इनेसबाईंनी छापील नोटेशन मागून घेतलं, खोलीतल्या कीबोर्डवर मांडलं. शेवटची ओळ वाचायचीच, असं ठरवून त्या सावकाश वाजवू लागल्या.

शेवटच्या ओळीपाशी पोहोचायच्या आत त्यांचाच डावा हात उठला आणि त्यानं पान उलटलं.