मे महिन्यातला हिरवा धावडा

पोहऱ्याच्या वळणावर मी त्याची पिकअप अडवली, तेव्हा माझ्या अंगावर वनरक्षकाची नवी वर्दी होती आणि त्याच्या गाडीत अख्खं राजस्थान.

“काय नेऊन राहिले?”

“रोहिडा, वाळवंटातला. दोनशे रोपं. परवानगी आहे, मॅडम—”

“कागद नका दाखवू मले. या टेकडीवर घाणेरीबी अशीच आली होती, बागेची शोभा म्हणून! आता हरणाले तोंड घालाले जागा नाही.”

त्याने चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. रोपं मोजणं माझं कामच. माणसं मी सवयीने मोजते. हा घाबरला नव्हता… बघत होता.

त्याचं नाव अद्वैत. शहरातल्या जठारपेठेतल्या वकिलांचा मुलगा, शिक्षण पुण्यात, तिथल्याच संस्थेकडून वर्षभरासाठी इथे आलेला. बोलणं इस्त्रीचं, शर्ट बिनइस्त्रीचा. त्याचं म्हणणं सरळ होतं : उन्हाळे वाढताहेत, आपली झाडं उभ्या उभ्या वाळताहेत, याहून कडक उन्हात वाढणारी झाडं आणून लावली तर जंगल तरी उरेल. माझंही म्हणणं सरळ होतं : नाही.

शेवटी वरच्या साहेबांनी तोड काढली. शेजारी-शेजारी दोन तुकडे, दोनशे-दोनशे रोपांचे. एकात त्याचा रोहिडा, दुसऱ्यात माझा इथलाच धावडा. पावसाळ्यात लावायचं, उन्हाळाभर पाण्याचा थेंब नाही. मेअखेर मोजणी. ज्याची रोपं जास्त जगतील, सगळी टेकडी त्याच्या झाडाची. मग जूनमध्ये अद्वैत पुण्याला परत.

आम्ही रोज भांडलो. रविवारीसुद्धा, आणि रविवारी तर त्याला सुट्टी असायची!

“तुम्ही माझ्याशी कधी शांतपणे बोलणार?”

“तुमी गेल्यावर.”

तो वरूडची संत्री आणायचा. भांडता भांडता सोलायचा आणि निम्म्या फोडी न बघता माझ्या बाजूच्या दगडावर ठेवायचा. मी खायचे. रागातच खायचे. दुपारभर हाताला सालीचा वास… आणि त्याचा आणखी राग.

मेचे शेवटचे पंधरा दिवस मी वणव्याच्या पाळीवर दुसरीकडे होते; परतले ती थेट मोजणीलाच निघाले. ऊन असं, की वर्दीची बटणं चटके देत होती. त्याच्या तुकड्यात एकशे एकतीस जिवंत. वाईट नव्हतं, मनातल्या मनात मान्य केलं. मग माझ्या तुकड्यात शिरले आणि थबकले.

धावड्याला पालवी होती. लुसलुशीत, हिरवी. मे महिन्यात!

मी खाली बसून माती उकरली. दोन बोटांवर ओल.

रोपवाटिकेतली बेबीताई पदराआड हसत होती. “मले नको विचारू, पोरी. पंधरा दिवस झाले, पहाटे कॅन घेऊन येते तो.”

अद्वैत कॅन मागे लपवत उभा होता. वीस लिटरचा कॅन कोणाच्या मागे लपतो?

“काहून?” मी ओरडले.

“एक पान उरलं नव्हतं, पायल. मला वाटलं, मेली सगळी. तुम्ही रोज तिकडे बघून गप्प व्हायचात… ते बघवेना.”

“मेली नव्हती! पान टाकून, जीव मुळात धरून बसली होती! आपलं झाड उन्हाळा असाच काढते. तेच तर दाखवायचं होतं मले, आन् तू पाणी घातलं! कोण मागितली होती दया तुले?”

‘तू’ निघून गेलं तोंडातून. त्याचे कान लाल झाले.

“आकडा लिही,” तो हळूच म्हणाला. “तुझी जास्त आहेत. टेकडी तुझी.”

“खोटी टेकडी मी काय करू?”

मी फॉर्मवर लिहिलं : ‘धावड्याला चोरून पाणी. दोन्ही तुकडे बाद. प्रयोग पुन्हा.’ आणि पेन त्याच्यापुढे धरलं. “कर सही.”

“सही केली तर ठपका येईल. आणि जूनमध्ये सोडणार नाहीत. आणखी एक वर्ष इथेच.”

“मंग?”

“इतका राग आहे माझा?”

“आहे.” मी पेन आणखी पुढे केलं. “एका वर्षात जाईल असा नाही तो…”

त्याने पेन ओढून घेतलं. मग इतक्या घाईने सही केली, की कागद फाटला.

मी कॅन उचलला आणि उरलेलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. धावड्याला ते नकोच होतं. त्या लाल कानांना मात्र फार गरज होती.