पंचवीस गिरक्या

फुगडीच्या सरावात बाराव्या गिरकीला ऋजुताताईंच्या हातातून विशाखावहिनी निसटल्या आणि थेट सतरंजीवर जाऊन बसल्या. बसल्या कसल्या, आपटल्याच. पण कुणी किंचाळलं नाही आणि हसलंही नाही. 'गिरकी मंडळा'च्या बायकांनी शांतपणे एकमेकींकडे पाहिलं. "लागलं बाई," असं विशाखावहिनींनी, दूधवाला येऊन गेला म्हणून सांगावं तशा सुरात सांगितलं.

सांगलीतच काय, साऱ्या देशात आता असंच चाले, कारण प्रत्येकाच्या मनगटावर निवळी होती. पूर्वी गढूळ पाण्याच्या माठाला आतून निवळीची बी घासत, मग गाळ तळाशी बसे. त्या बीचंच नाव या बोटभर पट्टीला दिलं होतं. माणसाला ताण आला की रक्तात अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही रसायनं वाढतात, छाती धडधडते, तळहात घामेजतात. वाघ दिसल्यावर पळायला हे ठीक. पण आपण वाघ गेल्यावरही वर्षानुवर्षं मनातल्या मनात पळत राहतो, आणि मग झोप उडते, रक्तदाब वाढतो, हृदय थकतं. निवळी कातडीतून या रसायनांचा अंदाज घेई आणि ती ठराविक रेषेवर गेली की उताऱ्याचा सूक्ष्म थेंब सोडी. बारा वर्षांत हृदयविकार निम्म्यावर आला होता. तिला नावं ठेवायला जागाच नव्हती.

"हातांना पावडर लाव गं," विशाखावहिनी म्हणाल्या. लावली. पुन्हा बाराव्या गिरकीला बोटं ढिली पडली. मग मंडळाने ठरवलं, की ऋजुताताईंनी यंदा बाजूला बसून गाणी म्हणावीत.

आता हे कुणी दुसऱ्या मंगळागौरीसाठी म्हटलं असतं तर त्यांनी मानही डोलावली असती. पण ही त्यांच्या एकुलत्या एका लेकीची, शाल्मलीची पहिली मंगळागौर होती! हल्लीच्या बायका निवळीच्या बेताने आठच गिरक्या घेत. लेकीच्या मंगळागौरीत आपण जुन्या चालीच्या पंचवीस घेणार, असं ऋजुताताई लग्न ठरल्या दिवसापासून सांगत आल्या होत्या. आणि नवरा गेलेल्या बाईने नाचावं की नाही, हा वाद त्यांच्या आईच्या पिढीनेच भांडून मिटवला होता.

त्या तडक गार्गी सप्रेकडे गेल्या. निवळी तयार करणाऱ्या पाच शास्त्रज्ञांपैकी ही एक, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऋजुताची शाळेपासूनची फुगडीची जोडीदारीण.

"तुझी पट्टी बिघडलीय," ऋजुताताईंनी चहाची वाटही न पाहता सुनावलं. "ऐन फुगडीत हातातलं बळ जातं माझ्या."

गार्गीने पट्टीतली नोंद वाचली आणि हसायला लागली, पण बेतानेच. निवळी तिच्याही हाताला होती. "बिघडली नाहीये गं. तिला वाटलं, तुझ्यामागे वाघ लागलाय."

"वाघ? अगं, मी मजेत होते!"

"तीच तर गंमत आहे. घाबरलीस तरी छाती धडधडते आणि हरखलीस तरी धडधडते. घाम तोच, रसायनंही बरीचशी तीच. शरीर किती उसळलंय ते निवळीला कळतं. कशामुळे उसळलंय, ते कळत नाही. तुला जरा जास्त आनंद झाला, की ती गाळ समजून तळाशी बसवते."

सहा महिन्यांपूर्वी शाल्मलीच्या पाठवणीला ऋजुताताईंच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. बायका म्हणाल्या होत्या, किती समंजस! त्यांनाही ते पटलं होतं.

"तुम्हाला हे आधी कळलं नाही?"

"चाचणीत चारशे माणसं होती. रोज विचारायचो, कसं वाटतंय? चारशेच्या चारशे म्हणायची, बरंय." गार्गी कपातल्या सायीकडे बघत राहिली. "मजा आली, असं एकही म्हणालं नाही. तक्रार नाही म्हणून आम्ही पेढे वाटले."

"मग काढ ही माझी. मंगळागौरीपुरती."

"काढते. तुझं हृदय ठणठणीत आहे, त्याची काळजी नको. पण ऋजू, आनंद तेवढा वर येऊ दे आणि बाकीचं राहू दे तळाला, अशी चाळणी काही मला जमलेली नाही. ढवळलं की सगळंच वर येणार."

"सगळं म्हणजे?"

"अमेयला जाऊन किती वर्षं झाली?"

"नऊ," त्या म्हणाल्या. नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, आणि या वेळी तो सूर त्यांचा त्यांनाच खटकला. नऊ वर्षांत आपण नवऱ्यासाठी रडलेलोच नाही. आपण खंबीर आहोत, असं आपण समजत होतो. त्यांना भीती वाटायला हवी होती, पण मनगटावर बारीकसं गार काही जाणवलं आणि तीही निवळली. त्याचा मात्र त्यांना मनापासून संताप आला, आणि तोही पुरता यायच्या आत ओसरला.

"काढच," त्या म्हणाल्या.

"मग जोडीदारीण मीच होते. माझीही काढते."

मंगळवारी पूजा झाली, पुरणाचं जेवण झालं. जागरणाचे खेळ हल्ली दुपारीच उरकत. नऊवारीचा काष्टा कसून एकसष्ट वर्षांच्या दोघी मैत्रिणी सतरंजीवर उभ्या राहिल्या. दोघींच्या मनगटांवर पट्टीच्या जागी गोरा वळ उमटला होता.

"उखाणा घ्या, उखाणा!" बायका म्हणाल्या.

ऋजुताताईंनी घसा खाकरला. "कृष्णेच्या काठावर दोघांत एक भडंग, अमेयचं नाव घेते, फुगडीत होऊन दंग!"

त्यांनी पाय जुळवले, हातांची फुली केली आणि मागे कलल्या. पाच, आठ, दहा. छाती धडधडायला लागली, तळहात ओले झाले, आणि बाराव्या गिरकीला गार्गीची बोटं त्यांनी अशी आवळली की ती ओरडली, "मेले, मोडशील!" आणि खदाखदा हसली. मग ऋजुताताईही हसल्या. पोटातून, अगदी बेताल हसल्या. खोली, समया, बायका सगळं गरगरत होतं. वीस. एकवीस. किती, किती बरं वाटत होतं! पंचविसाव्या गिरकीला दोघी सतरंजीवर कोसळल्या आणि हसता हसता ऋजुताताईंना भडंगाची ती एक पुडी आठवली. तळाशी उरलेले शेंगदाणे अमेय नेहमी त्यांच्यासाठी ठेवायचा. अमेय आता नाहीये. हे त्यांना नऊ वर्षांपूर्वी सांगण्यात आलं होतं, पण कळलं ते आत्ता.

त्या हमसाहमशी रडायला लागल्या. रडतानाही मधेच हसू फुटत होतं, कारण गार्गीचा अंबाडा सुटून कानावर लोंबत होता. बायका अवघडून पाहत राहिल्या. असं काही त्यांनी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, पट्टी आणा, पट्टी. गार्गीने हातानेच त्यांना थोपवलं.

शाल्मली आईजवळ येऊन बसली. बाबा गेले तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि पंधराव्या वर्षापासून निवळी तिच्या हाताला होती.

"आई, दुखतंय का?"

"खूप," ऋजुताताई नाक पुसत म्हणाल्या. "पण शालू, मजा आली गं. काय सांगू तुला, मजा आली!"

शाल्मली आईच्या लालबुंद चेहऱ्याकडे बघत राहिली. ही बाई तिला ओळखीची वाटत होती, फार पूर्वी, निवळीच्या आधी पाहिलेली. मग तिने आपल्या मनगटाकडे पाहिलं. बाबा तिथेच होते, नऊ वर्षांपासून तळाशी बसवलेले.

तिने एक हात गार्गीपुढे केला, दुसऱ्याने आईचा हात धरला.

"माझी पण काढ," ती म्हणाली. "पण आई, हात सोडू नकोस."