केशरअक्काचा जबाब

कंदिलाची वात जरा खाली करा, तेल पुरायला पाहिजे. मी सांगणार आहे ते ऐकलेलं आहे, पण वाऱ्यावरचं नव्हे. माझा चुलता मुंजाजी निजामाच्या पोलिसात जमादार होता. ज्यांच्यावर हे सगळं बेतलं त्या सुंदरराव अमिनांजवळ तो शेवटच्या दिवसापर्यंत होता. अमीन म्हणजे आजचा फौजदार समजा.

फसली सन तेराशे तीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीस-एकवीसचा सुमार. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे येळवस, रानात जेवायचा सण. गावात कुत्रं सुद्धा उरलं नव्हतं, सगळी माणसं शेतात. सुंदरराव मुंजाजीच्या रानात जेवायला आले होते. कडब्याच्या कोपीपुढं घोंगडीवर बसून त्यांनी भज्जी, म्हणजे सणाची मिसळीची भाजी, खाल्ली, वर आंबील प्यायले. ऊन उतरणीला लागलं तेव्हा बांधावरून एक माणूस पळत आला आणि लांबच उभा राहिला.

"अमीनसाब, आवारात बाई मेलीया. हिरीत सापडली. मुकादमानं बलावलंय."

सुंदररावांच्या हातातला आंबिलीचा लोटा तसाच राहिला. "नाव काय बाईचं?"

"ते मला न्हाई ठाव."

आवार म्हणजे महारोग्यांचं आवार. धर्मापुरीच्या पल्याड माळावर कुणा जहागीरदारानं बांधून दिलेलं. दोन पुरुष उंचीची त्याची भिंत, आणि दार एकच. आत गेलेलं माणूस बाहेर येत नसे. सुंदरराव नावाजलेले अमीन होते. मेलेल्या माणसाच्या वहाणांचा चिखल बघून त्यांनी खुनी धरला होता. पण या आवाराच्या वाटेनं ते अकरा वर्षांत एकदाही गेले नव्हते. का गेले नव्हते, ते मुंजाजीलाही माहीत नव्हतं.

कारण त्यांची थोरली बहीण तिथं होती.

केशरअक्का. आई गेली तेव्हा सुंदरराव दोन वर्षांचे होते. अक्कानंच त्यांना वाढवलं. पुढं तिच्या गालावर चट्टे उठले, सासरच्यांनी तिला माघारी आणून घातली. त्याच साली सुंदररावांना नोकरी लागली आणि मुक्ताबाईंचं स्थळ आलं. एका रात्री छकड्याला पडदा बांधून त्यांनी अक्काला आवाराच्या दाराशी नेऊन सोडलं. दारातल्या कारकुनानं विचारलं, वारस कोण? सुंदररावांनी सांगितलं, कुणी नाही. गावात येऊन त्यांनी अक्का पटकीनं गेल्याचं सांगितलं आणि तेरावंही घातलं.

तेव्हा त्या दिवशी घोडीवर बसताना त्यांच्या मनात काय असेल ते तुम्हीच बघा.

आवाराच्या देवडीत, म्हणजे दारालगतच्या खोलीत, प्रेत आणून ठेवलं होतं. सुंदररावांनी तोंडावरचं फडकं बाजूला केलं. अक्का नव्हती. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच श्वासात आणखी एक विचार येऊन गेला... हीच असती तर एकदाचं मिटलं असतं. हे त्यांनी पुढं स्वतःच्या तोंडानं मुंजाजीला सांगितलं, म्हणून मी सांगतो.

मुकादम उत्तरेश्वर हात जोडून उभा होता. धिप्पाड, गोड बोलणारा. "साखराबाई म्हणून हुती, साब. रातच्याला पाण्याला गेली, पाय घसरला."

"रात्री बायकांच्या दालनाला कुलूप असतं ना?"

"असतंया."

"किल्ली कुणाकडं?"

मुकादमाचा हात कमरेच्या जुडग्याकडं गेला.

सुंदररावांनी प्रेत नीट बघितलं. पोट पाण्यानं फुगलेलं नव्हतं. गळ्याभोवती नाड्याचा वळ होता, काळानिळा, मागं मानेवर गाठीची खूण. शिकाऊ शिपायालाही कळावं इतकं उघड होतं.

पण साक्ष कोण देणार? आतल्या लोकांची भाकरी मुकादमाच्या हाती. सुंदररावांनी सगळ्यांना अंगणात उभं करून विचारलं. कुणाचं तोंड उघडेना. बायकांकडं बघताना त्यांनी नजर खाली ठेवली होती. न जाणो, एखादी त्यांच्या नावानं हाक मारील. कुणी मारली नाही.

तरी अमिनाचं डोकं चाललंच. रात्रीतून मुकादमानं बायकांना दम देऊ नये म्हणून त्यांनी बायकांच्या दालनाला स्वतःचं कुलूप घातलं, वर लाखेची मोहर मारली. मुकादमाला आवाराच्या दाराबाहेर मुंजाजीच्या डोळ्यांपुढं झोपायला लावलं. आणि स्वतः देवडीत बसले, सकाळपर्यंत कुणाला बोलायचं झालं तर बोलेल म्हणून.

देवडीतून आतल्या अंगणात भाकरी द्यायला गजांची एक खिडकी होती. तिच्यापुढं मेज, मेजावर कागद, दौत, कंदील. बाहेर येळवशीचे रानोरानी पेटलेले कडब्याचे टेंभे एकेक करून विझले. अमावस्या. थंडी अशी की बोटं वाकेनात.

दुसरा प्रहर संपत आला.

"सुंद्या."

ते हलले नाहीत.

"सुंद्या, जागा हायेस न्हवं?"

त्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. सुंदररावांनी कंदील उचलला. गजांपलीकडं पदर पुढं ओढलेली एक बाई उभी होती. तोंड दिसत नव्हतं.

"अक्का..."

"वाळलास लई," ती म्हणाली. "मुक्ता जेवाया घालती का न्हाई?"

उत्तराची तिनं वाट पाहिली नाही.

"कागद घे. मी सांगती ते लिही. म्या बघितलंय."

ते लिहू लागले. तिनं सगळं सांगितलं, सावकाश, लिहिणाऱ्याला वेळ मिळेल असं. मुकादम रात्री दालनाचं कुलूप काढून आत यायचा. ज्या बाईला हात-पाय नीट चालवता येत नाहीत, तिच्याकडं जायचा. साखराबाईनं त्याला सगळ्यांपुढं सांगितलं होतं, जिल्ह्याचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर येतील तेव्हा मी दारात आडवी पडेन, पण बोलेन. काल रात्री त्यानं तिला विहिरीवर बोलावलं. नाड्यानं आवळलं. मग उचलून टाकलं.

लेखणीचा आवाज तेवढा येत होता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"आता खाली नाव लिही माझं. बापाचं लिही. कुणाची कोण ते लिही, न्हाईतर कोर्टात कोण इचारतंय महारोग्याला? अमिनाची भन म्हनल्यावर इचारतील."

लेखणी थांबली.

कंदील फडफडला...

"अक्का, मुक्ताला ठावं न्हाई. गावाला ठावं न्हाई. दोन लेकी हायेत मला. महारोगाचं घर म्हनल्यावर त्यांना कोण..."

त्यांनी लेखणी दौतीत ठेवली.

"मी दुसरं काहीतरी करतो. मुकादमाला बदलायला सांगतो."

"आन् साखरेचं काय?"

त्यांनी कागदाची घडी घातली.

"सुंद्या, साखरेचं काय?"

सुंदररावांनी मान खाली घातली. मग गजांमधून एक हात आत आला. बोटं झडलेला. त्या हातानं त्यांचं डावं मनगट धरलं, लहानपणी ताप आला की धरायची तसं. हात कोमट होता.

"बरं," ती म्हणाली. "नीज आता."

हात निघून गेला. पावलं वाजली नाहीत. सुंदररावांनी कंदील वर केला. अंगण. विहीर. दुसरं काही नाही.

त्यांनी तो कागद कंदिलाच्या ज्योतीवर धरला. राख मुठीत चुरली आणि दाराच्या फटीतून बाहेर फुंकली.

पहाटे त्यांनी नवा पंचनामा लिहिला. साखराबाई, पाय घसरून विहिरीत पडून मयत. पंचांचे अंगठे घेतले. मुकादमानं वाकून नमस्कार केला. मुंजाजीनं प्रेताचा गळा पाहिला होता. त्यानं एकदा अमिनांकडं बघितलं आणि घोडी आणायला गेला.

मग दालन उघडायला सुंदरराव स्वतः गेले. कुलूप जागच्या जागी होतं. हात किल्लीकडं गेला आणि तसाच राहिला.

मोहर शाबूत होती.

लाखेला चीर सुद्धा नव्हती. दालनाला दुसरं दार नव्हतं. खिडकी नव्हती. होता तो छताजवळ हातभर झरोका.

त्यांनी मोहर फोडली. दार उघडलं. आत सगळ्या बायका बसलेल्या होत्या. एकीच्याही डोळ्यात झोप नव्हती. पुढं ताराबाई म्हणून म्हातारी होती.

"साब," ती हळू म्हणाली, "राती तुमी कुनासंगं बोलत हुता?"

सुंदररावांनी मागं अंगणाकडं वळून बघितलं.

"आमी समद्या जाग्या हुतो. तुमचा एकट्याचाच आवाज येत हुता. अक्का म्हनत हुता."

"तुमच्यात केशर म्हणून कुणी आहे?"

"हुती. दोन पावसाळे झाले जाऊन. पाक झिजलीती. साखरेनंच घास भरवला तिला, साखरेच्याच मांडीवर गेली. मरताना म्हनली, माझा भाऊ लई मोठा अमीन हाय, कुनाला सांगू नगा." म्हातारी पुढं सरकली. "आमी कुनाला सांगितलं न्हाई, साब. पर काल तुमी आलात. राती अक्का म्हनलात. आमी इचार केला, ह्यो आपला मानूस हाय. तुमी लिहिनार असाल तर आमी बी अंगठे देतो. समद्या देतो."

मागं कुणीतरी रडत होतं, आवाज न करता.

पंचनामा सुंदररावांच्या खिशात होता. फाडायला किती वेळ लागतो? ते उभे राहिले. बाहेर मुकादम खाकरला.

ते वळले. देवडी ओलांडली. घोडीवर बसले. वाटेत मुंजाजीशी एक शब्द बोलले नाहीत.

मुकादम त्यानंतर बारा वर्षं जगला. त्याच नोकरीत, त्याच किल्ल्या कमरेला लावून. पिकल्या वयात आपल्या बाजेवर मेला. तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले तेव्हा दारात कुणी आडवं पडलं नाही.

सुंदररावांचं डावं मनगट मात्र त्याच दिवशी मेलं. चिमटा काढा, सुई टोचा, काही कळायचं नाही. बर्फासारखं गार. बांगडीएवढी जागा, ना वाढली, ना कमी झाली. हैदराबादेहून डॉक्टर आणला. तो म्हणाला, हा महारोग नव्हे, पण काय आहे ते मला सांगता येत नाही. मुक्ताबाई म्हणाल्या, डॉक्टर नव्हे म्हणतो ना, मग कशाला भिता? सुंदररावांनी ऐकलं नाही. ताट-तांब्या वेगळा केला, पडवीत वेगळी बाज टाकली. लेकींना जवळ घेतलं नाही. लग्नंसुद्धा लांब उभं राहून लावली, लांब बाह्यांचा कोट घालून. त्याच पडवीत एकदा त्यांनी मुंजाजीला सगळं सांगितलं, आणि त्यानंतर तो विषय कधी काढला नाही.

थंडीच्याच दिवसांत ते गेले. सकाळी मुक्ताबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा अंग लाकूड झालं होतं; रात्रीच कधीतरी प्राण गेला असावा. अंघोळ घालायला कुणी पुढं होईना, म्हणून मुंजाजीनं घातली. कोट काढला. सगळं अंग गारठलेलं. छाती गार, कपाळ गार, तळवे गार. मग त्यानं डावा हात धुवायला हातात घेतला...

मुंजाजीनं आपला हात झटकन मागं घेतला. थोडं थांबला. पुन्हा ठेवला.

मनगटावरची तेवढीच जागा कोमट होती.