रोजची एक गोळी

"हात मागे घे, मोर्शेदा! त्या लेकराला तू शिवू नकोस!"

तहमिनाच्या बाळाचा आकिका, म्हणजे नाव ठेवण्याचा सोहळा होता. कुष्टियातलं ते अंगण पाहुण्यांनी भरलं होतं, आणि सासूबाईंचा तो आवाज ऐकून बाळाला घ्यायला पुढे झालेले मोर्शेदाचे दोन्ही हात तसेच अधांतरी राहिले! ज्या नणंदेच्या शिक्षणासाठी तिनं स्वतःची कूस रिकामी ठेवली, तिच्याच बाळाला स्पर्श करायचा अधिकार तिला नव्हता... आणि हे सारं ठाऊक असलेला एकच माणूस, तिचा नवरा आनिसुर, खाली मान घालून पाहुण्यांना पुलाव वाढत होता!

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तो म्हणाला होता, "तहमिना नर्स होईपर्यंत घरात आणखी एक तोंड नको. आम्माला सांगू नकोस, तिला नातवंडाची फार आस आहे." त्या दिवसापासून मोर्शेदा रोज गुपचूप एक गोळी घेत आली. तहमिना नर्स झाली, तिचं लग्न झालं, तरी आनिसुरचं 'अजून थोडं थांब' संपलं नाही. नऊ वर्षं! आणि ती नऊ वर्षं सासूबाई जोबेदा खातून तिला चारचौघांत वांझ म्हणत राहिल्या.

गेलं वर्षभर तिच्या पोटात असह्य कळा येत होत्या, शौचाला रक्त पडत होतं, अंगावरचं मांस झडत चाललं होतं. "कामाच्या वेळीच बरं हिचं पोट दुखतं!" सासूबाई म्हणत. नवऱ्याला तिनं दोनदा सांगितलं. "तिखट कमी खा," एवढंच तो म्हणाला!

त्या दिवशी अंगणातच ती कोसळली. तहमिनानं बाळ नवऱ्याकडे दिलं, वहिनीची रक्तानं भिजलेली साडी पाहिली आणि आई-भावासह तिला घेऊन ती थेट राजशाही शहरातल्या इस्पितळात पोहोचली.

"मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत," तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषधानं आटोक्यात येईल. कसल्या गोळ्या चालू आहेत का?"

मोर्शेदानं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली... आणि त्या क्षणी तिच्या अंतःकरणातला सारा संताप उसळून वर आला!

"आहेत. मूल होऊ नये म्हणून. नऊ वर्षं. यांच्या सांगण्यावरून!"

"गोळीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असंख्य बायका घेतात, त्यांना काही होत नाही. पण गोळी घेणाऱ्यांत हा आजार थोडा जास्त दिसतो, एवढं खरं. ती आता बंद करू, दुसरा उपाय सुचवते. पण वर्षभर रक्त पडत होतं, तरी घरात कुणी दखल घेतली नाही?"

 मग जोबेदा खातून लेकाकडे वळल्या.

"मी हिला वांझ म्हणत होते... आणि तू ऐकत होतास?"

"आम्मा, तुला दुःख होईल म्हणून..."

"मला? आणि हिला काय होत होतं रे, मेल्या!" त्यांनी कपाळावर हात मारला. "माझ्या तोंडून हे पाप वदवून घेतलंस तू!"

तहमिना वहिनीच्या पायांशी कोसळून रडू लागली. "भाबी, माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी केलं त्याचं दुःख नाही गं. पण यांनी एकदा... फक्त एकदा तोंड उघडलं असतं!"

तीन आठवड्यांनी रक्त थांबलं. जोबेदा खातून खाटेवर बसून सुनेला मऊ भात भरवत होत्या. "माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला," त्या पुटपुटल्या. मोर्शेदानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघी रडू लागल्या...

दाराशी उभा असलेला आनिसुर हलकेच म्हणाला, "डॉक्टरबाई म्हणाल्या, आजार शांत झाला की मूल होऊ शकेल. आता आपण..."

मोर्शेदानं डोळे पुसले.

"आता ते मी ठरवीन," ती म्हणाली.

"ऐकलंस?" जोबेदा खातून लेकाकडे न बघताच म्हणाल्या. "जा, बाहेर बस."