राखाडी शाईतले श्वास

आमच्या शाळेच्या वाद्यवृंदात कागद बंद झाले तेव्हा सर्वांत जास्त नाचले मी. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय शाईत बुडवून तिला पळवलेलं. पण टॅब्लेटवरचं ते ॲप भलतंच गुणी. पेनाने पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांवर कसाही वाकडातिकडा स्वर काढा, ते क्षणात त्याला छापल्यासारखा नेटका करून बसवायचं. शिवाय पान सगळ्यांचं एकच, फक्त शाई वेगवेगळी. माझी निळी, शेजारी बासरी वाजवणाऱ्या चिमणीची हिरवी, संगीताच्या बाईंची लाल.

त्या पानावर मी चक्क स्वतःची धून लिहिली होती. बाईंनी ती वार्षिक कार्यक्रमात घेतली आणि त्यातलं एकल, म्हणजे एकटीनेच वाजवायचा भाग, वाजवणार होते मीच! मी इतकी हवेत होते की पानाची लिंक जगजाहीर करून टाकली. ज्याला मिळेल त्याने उघडावं, वाटलं तर लिहावंसुद्धा. बघू देत की लोकांना!

घोडं अडलं होतं एका ओळीवर. मधली ती लांब ओळ वाजवताना मी भलत्याच जागी श्वास घ्यायचे, धून तुटायची, आणि तरीही शेवटी बासरीतून नुसती हवा यायची.

“लिहिताना फुफ्फुसं घरी ठेवली होतीस का गं?” बाई म्हणाल्या. सगळे खिदळले. “रंगीत तालमीपर्यंत जमव. नाहीतर एकल चिमणी वाजवेल.”

चिमणी माझी जिवलग. तरी त्या दिवशी मी डबा तिच्याकडे पाठ करून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पानावर एक नवी खूण होती. श्वास कुठे घ्यायचा हे आम्ही ओळीच्या वर स्वल्पविराम काढून लिहितो. ॲप त्याला हात लावत नाही, काढला तसाच ठेवतं. हा स्वल्पविराम राखाडी होता. बारीक, जरासा थरथरलेला. मी श्वास घ्यायचे त्याच्या एक स्वर पुढे.

मी तिथे घेतला. ओळ सरळ शेवटापर्यंत गेली.

शाई लाल नसली तरी बाईच असणार, असं मी धरून चालले. मग खूण रोज थोडी थोडी पुढे सरकायला लागली. नंतर आधीच्या ओळीतल्या खुणा कमी झाल्या. मीही त्या खुणांमागे धावत सुटले. मला एका जागी बसवेना. गणिताच्या तासाला बोटं बाकावर वाजत राहायची, जिना धावत चढले तरी धाप लागायची नाही.

“अगं, बोलताना श्वास तरी घे!” आई म्हणाली. आई हे मी बोलायला शिकल्यापासून म्हणते, म्हणून मी हसले.

चिमणीने एकदा त्याच खुणांवरून वाजवून पाहिलं. अर्ध्यातच ती पांढरीफटक पडून खुर्चीवर बसली.

“हे माणसासाठी लिहिलंय की सायकलच्या पंपासाठी?”

“बाईंनी लिहिलंय.”

“मी?” बाईंनी माझा टॅब्लेट हातात घेतला. “दुसऱ्याचा श्वास आपण लिहायचा नसतो. पहिल्याच दिवशी शिकवलंय मी तुम्हाला.” त्यांनी ती खूण बोटाने मोठी करून पाहिली. पुन्हा लहान केली. “राखाडी शाई कोणाला दिलीस?”

“कोणालाच नाही.”

मी लिंक लगेच बंद केली. आता पान आम्हा तिघींनाच उघडत होतं. वर नावं तीन, शाया तीन.

दुपारी पाहिलं, तर खूण आणखी पुढे गेली होती.

शाळा सुटल्यावर मी रिकाम्या संगीतवर्गात बसले. खिडकीबाहेर कोणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. मी राखाडी स्वल्पविराम पुसला आणि माझ्या जुन्या जागी, निळ्या शाईत, माझा स्वतःचा काढला.

माझ्या डोळ्यांदेखत त्यावर एक राखाडी रेघ उमटली. डावीकडून उजवीकडे. सावकाश. लिहिणाऱ्याला मुळीच घाई नव्हती.

टॅब्लेट बंद करून मी तशीच उठले. बाईंच्या खोलीपर्यंत गेलेही. सांगितलं असतं तर त्यांनी ते पानच काढून टाकलं असतं. खुणा गेल्या असत्या, आणि एकलही.

मी दार वाजवलं नाही.

रंगीत तालमीला अख्खी शाळा सभागृहात होती. दिव्यांचा उकाडा, खुर्च्यांची करकर. मी पान उघडलं.

एकही स्वल्पविराम नव्हता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

बाईंनी हात उचलला.

मी वाजवलं.

लांब ओळ आली आणि गेली. मला कळलीसुद्धा नाही.

शेवटचा स्वर बाईंचा हात खाली येईपर्यंत तसाच टिकला. केसभरही हलला नाही.

मग टाळ्या! मागच्या रांगा उभ्या राहिल्या. बाई हसत होत्या. एकल माझंच होतं.

चिमणीने माझ्या पाठीवर थाप मारली. हात तिथेच ठेवला.

टाळ्या थांबल्या. तिचा हात हलला नाही.

“श्वास घे ना गं आता,” ती अगदी हळू म्हणाली.

मी मान हलवली आणि पान खाली सरकवलं, कुठे घ्यायचा ते बघायला.