निळीची जीन्स

रंगारणीने नवऱ्याची जीन्स विकायला काढली ती नणंदेने टुमणं लावलं म्हणून.

"वहिनी, दादाला जाऊन वर्ष झालं. पेटीत ठेवून तिचं काय लोणचं घालायचंय?" नणंद म्हणाली आणि जाहिरातही तिनेच टाकली: अस्सल निळीत रंगवलेली, फारशी न वापरलेली.

चारदाच घातली होती त्याने. ती घरातून गेली तर आपल्याला झोप लागेल, असं रंगारणीलाही वाटत होतं.

कापड त्याने स्वतः रंगवलेलं. निळीच्या पिंपातून कापड बाहेर येतं ते हिरवं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. तोवर घडी घालायची नाही, कापडाला श्वास घेऊ द्यायचा, असं तो म्हणायचा. माणसाचं उलटं असतं. हवा मिळाली नाही की ओठ निळे पडतात.

रविवारी दुपारी गिऱ्हाईक आलं. उंच, पिकल्या मिशांचे एक शाळामास्तर.

"आमची ही म्हणणार, म्हातारचळ लागला," ते हसले.

रंगारणीने पेटीतून जीन्स काढली, घडी मोडली आणि तिचे हात थांबले. आतलं कापड हिरवं होतं. ओलं नव्हतं, पण पिंपाचा आंबूस वास येत होता. बघता बघता तो हिरवा रंग गडद होत गेला, निळा झाला.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"घडीत... हवा लागली नसेल."

एकदा निळं झालेलं कापड पेटीत पडून पुन्हा हिरवं होत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण नणंदेने कोपराने ढोसलं, तशी तिने जीन्स कागदात गुंडाळून दिली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. आवाज दबका.

"ताई, हसू नका. जीन्स कपाटात ठेवून दार लावलं की आतून धाप लागल्यासारखा आवाज येतो. हिनेही ऐकला. आणि मग कोणीतरी विचारतं..."

"काय?"

"'आज उद्या आहे का?' एवढंच. फार अजिजीने विचारतं हो... तुम्हाला काही अर्थ लागतो का?"

नणंद समोरच भाजी निवडत होती. रंगारणीने तिच्याकडे पाठ केली.

शेवटच्या दिवशी नवरा तीनदा म्हणाला होता, खिडकी उघड. बाहेर गारठा होता, तिला त्याच्या छातीची काळजी. "उद्या उघडू," असं म्हणून तिने पांघरूण त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं होतं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. नणंदेलाही नाही.

"मास्तर, कपाट उघडा. फोन आत धरा."

कपाटाचं दार करकरलं. मग फोनमध्ये नुसती घरघर, थांबत थांबत येणारी.

"आहे," ती कुजबुजली. "अहो, आज उद्याच आहे. घ्या श्वास."

एक लांब श्वास ऐकू आला. पुरता, पोटभर. मग सगळं शांत झालं. नणंदेला कळू नये म्हणून तिने पदर तोंडाशी धरला आणि वर्षभरात पहिल्यांदा रडली.

"ताई..." मास्तर परत बोलायला लागले. "तो आवाज थांबला."

"थांबला ना?"

"हो. पण आता आतून बाईमाणसाचा आवाज येतोय. अगदी... तुमच्यासारखा."

"काय म्हणतोय?"

"'उद्या उघडू' म्हणतोय. सारखं तेच. थांबतच नाहीये, ताई."