तुलाही तेच

मोबाइल उलटे ठेवा. सगळ्यांनी. नंतर "चाचा, मधलं काय झालं?" असं विचारलंत तर मी पुन्हा सांगत बसणार नाही. आज रात्र इबादतीची आहे, गप्पा ठोकायची नाही. पण तुम्ही तासाभरापूर्वी गेटवर ज्या पोराशी तुमचं वाजलं त्याच्यावरून जे बोलत होतात ते मी ऐकलंय. "आज त्याच्या नावानं काहीतरी मागतोच" असं कोण म्हणालं, तेही ठाऊक आहे. म्हणून सांगतोय. आणि ते दार लोटून घ्या. गारठा येतोय म्हणून, दुसरं काही नाही.

ही माझ्या ओळखीच्या एका सुताराची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण तो अजून आहे, आणि तुमच्यातले निम्मे लहानपणी त्यानं केलेल्या पाळण्यात झोपलेत. आपण त्याला धाकटा म्हणू. त्याला एक थोरला भाऊ आहे आणि सगळं दुखणं तिथंच आहे.

दोघांचा लाकडाचा कारखाना एक. त्यात विजेवर फिरणारी चक्री करवत. पात्यावर लोखंडी झाकण असतं, बोटं वाचावीत म्हणून. एकदा घाईचं काम आलं. झाकणाखालून जाड फळी जाईना, म्हणून थोरल्यानं झाकण काढून कोपऱ्यात ठेवलं आणि धाकट्याला सांगायचं राहिलं. धाकट्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि शेजारचं एक बोट तेवढं उरलं.

इथवर अपघात म्हणा. पण माणसं धावत येईपर्यंत झाकण परत पात्यावर बसलेलं होतं. आणि विचारायला येईल त्याला थोरला सांगत होता, "काय करणार, त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. किती वेळा बजावलं मी."

धाकटा दवाखान्यात पडल्या पडल्या हे ऐकत होता. बोटांचं दुःख त्यानं गिळलंही असतं, पण हे वाक्य काही त्याच्या घशाखाली उतरेना. घरी आल्यावर त्यानं भावाशी बोलणं टाकलं, गल्लीच्या टोकाला वेगळं दुकान थाटलं आणि एका उजव्या हातावर संसार ओढायला लागला. गल्लीतले टवाळ त्याला दीडहात्या म्हणायचे. त्यात तुमच्यातल्या एकदोघांचे बापही होते. असो.

आता ती रात्र. सव्विसावा रोजा सोडला की सत्ताविसावी रात्र लागते, आज लागली तशीच. शब-ए-कद्र. हजार महिन्यांहून मोठी. फरिश्ते उतरतात आणि पहाट फुटेपर्यंत सगळीकडं सलामती असते. तरी हीच ती रात्र, असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. मौलवीसाहेब म्हणतात, ती नेमकी कुठली हे सांगितलं जाणारच होतं, पण तेवढ्यात दोन माणसं भांडायला लागली आणि ते ज्ञान उचलून घेतलं गेलं. दोघांच्या भांडणापायी साऱ्या जगाच्या हातून तिचा पत्ता गेला. हे ध्यानात ठेवा.

त्या संध्याकाळी लहान मशिदीचे बांगीसाहेब, म्हणजे अजान देणारे, धाकट्याच्या दुकानात आले.

"दार खालून घासतंय रे. कोणी आत आलं की असं करकरतं की नमाज पढणाऱ्याचं काळीज हलतं. आज सगळे मोठ्या मशिदीत जागणार. ते पहाटेला परत यायच्या आत करून टाक."

"आजच?"

"आजच्या रात्रीच्या कामाचं पुण्य काही वेगळंच असतं, बाबा." किल्ली हातावर ठेवून ते निघाले आणि पायरीवर थांबले. "काम झालं की भावासाठीही दुआ माग. पाठीमागं मागितलेल्या दुआला फरिश्ता आमीन म्हणतो. आणि मागणाऱ्याला म्हणतो, तुलाही तेच."

"मागणारच आहे," धाकटा म्हणाला. "त्याच्यासाठीच मागायचंय."

बांगीसाहेब खूश होऊन गेले.

मशिदीत चिटपाखरू नव्हतं. एक दिवा, एक पंखा. धाकट्यानं दार बिजागऱ्यांतून काढलं, हॉलच्या मागच्या बाजूला दोन स्टुलांवर आडवं टाकलं, डाव्या कोपरानं दाबून धरलं आणि उजव्या हातानं खालची कड कापली. भुसा नमाजाच्या मागच्या ओळीभर पसरला. झाडू नंतर मारू म्हणत त्यानं दार परत बसवलं, बिजागऱ्यांत तेल सोडलं. उघडून पाहिलं, लावून पाहिलं. जरासुद्धा आवाज नाही. आपल्याच कामावर तो खूश झाला.

मग त्यानं हातपाय-तोंड धुऊन वजू केला, पुढच्या ओळीत जाऊन नमाज पढला आणि हात उचलले. या रात्रीची एक दुआ आहे, तुम्हाला पाठ असेल. तू माफ करणारा आहेस, तुला माफी आवडते, मला माफ कर. ती त्याच्या ओठांवर आली. पण समोर स्वतःचे दोन हात होते. एक पुरा, एक अर्धा. त्यानं ती दुआ गिळली आणि दुसरंच मागितलं.

"माझा डावा गेला. त्याचा उजवा जाऊ दे."

बघा हं. डाव्याला डावा नाही मागितला. राग पोटात मुरला की माणसाला बरोबरी पुरत नाही, त्याला वर काहीतरी लागतं. थोरला उजव्या हाताचा कारागीर, म्हणून यानं नेमका उजवा निवडला.

मागून आवाज आला. "आमीन."

बांगीसाहेब आले असतील, असं त्याला वाटलं. दार वाजलं नव्हतं, पण आता ते वाजणार कसं? त्यानंच गप्प केलं होतं. तो वळला.

मागं कोणी नव्हतं.

"बांगीसाहेब?"

पंखा फिरत होता. तो पुन्हा पुढं वळला. हात अजून तसेच होते, उचललेले. तेव्हा अगदी जवळून... कानामागून... हलक्या आवाजात...

"तुलाही तेच."

त्यानं उजव्या हाताकडं पाहिलं. बोटं हलवून पाहिली. पाची. याच हातावर घर चालत होतं. बायको होती, दोन मुली होत्या. आणि आपण काय मागून बसलो ते त्याला कळलं.

उठून पळावं तर दार मागं. मध्ये ती मागची ओळ.

पहाटेला अजून वेळ होता. मागितलेलं परत मागून घेता येईल, असं त्याला वाटलं. उलटी दुआ करायची, बस. तो घाईनं म्हणाला, "त्याचा उजवा हात सलामत ठेव."

मागं... काही नाही.

पुन्हा म्हणाला. मोठ्यानं. "त्याचा हात सलामत ठेव."

शांतता.

मघाशी आमीनची केवढी घाई होती. आता शब्द नाही. पण तिथं कोणी नव्हतं असंही नाही... असतं ते कळतं. पाठीला कळतं.

"मी त्याला माफ केलं," धाकटा म्हणाला. आणि म्हणता म्हणताच डोक्यात ते वाक्य वाजलं. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. किती वेळा बजावलं मी. तोंड माफी देत होतं, पोट पेटलेलं होतं. मागच्याला ते दिसत असावं.

"माफ केलं..."

शांतता.

"केलं म्हणतो ना..."

शांतता.

रात्रभर असंच. एकदाही आमीन नाही.

पहाटे खोकत खोकत खरे बांगीसाहेब आले. दार बिनआवाज उघडलं तसे हसले. मोठा दिवा लावला आणि म्हणाले, "दार झकास केलंस. भुसा तेवढा झाडायचा राहिला की." मग खाली बघत राहिले. "तुझ्याबरोबर दुसरं कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग हा सज्दा कोणाचा?"

धाकट्याच्या सरळ मागं, मागच्या ओळीतल्या भुशात, दोन गुडघ्यांचे ठसे. पुढं कपाळाचा. तिथवर यायची पावलं नाहीत, जायची नाहीत. बांगीसाहेब वाकले. सज्द्यात कपाळाबरोबर दोन्ही तळवेही जमिनीला टेकावे लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. कपाळाच्या डावीकडं, उजवीकडं भुसा तसाच होता. फुंकरही लागली नव्हती.

बांगीसाहेबांनी झाडू घेतला.

काय म्हणालास? रमजानात सैतान बांधलेला असतो? असतो. म्हणून तर मला त्या आवाजाची जास्त भीती वाटते.

ईद झाली. कारखाना उघडला त्या सकाळी धाकटा भावाच्या दारात उभा. सलाम नाही, दुआ नाही. थोरल्यानं पुन्हा काढून कोपऱ्यात टाकलेलं झाकण उचललं, खिशातले स्क्रू काढले आणि पात्यावर घट्ट बसवलं. तेव्हापासून आजतागायत रोज जातो. करवत फिरते तोवर भावाच्या उजव्या हातावर नजर ठेवून उभा राहतो. थोरला येईल-जाईल त्याला सांगतो, "शेवटी रक्ताची ओढ. मला एकट्याला मशीनपाशी सोडत नाही." ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून येतात. धाकटा दात आवळून ऐकतो. रोज सकाळी त्याला भावाचा गळा धरावासा वाटतो आणि रोज सकाळी तो त्याचाच हात राखतो. मनापासून एकदा माफ केलं तर सुटेल बिचारा. पण थोरल्यानं खरं कधी कबूल केलं नाही, आणि याच्या पोटातलं काही विझलं नाही.

काल संध्याकाळी मी कारखान्यात गेलो होतो. मशीन बंद झालं, थोरल्यानं झाडू घेतला आणि मला म्हणाला, "चाचा, हे बघा. धाकट्याला विचारलं तर बोलत नाही. आधी पार त्या भिंतीपाशी असायचं. आता इथवर आलंय."

मी वाकून पाहिलं. करवतीच्या मागं, पात्यापासून हातभर अंतरावर, भुशात दोन गुडघे. एक कपाळ. तोंड किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला नाही, पात्याकडं.

हात नाहीत.